पडद्यामागून पाहिलेला पिक्चर

आमच्या जाहिरातीत लिहिलंय, 'स्वयंचलित नौकाविहार'. त्यातलं स्वयंचलित म्हणजे मी.

पावस गावाच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, एक जुनी चिरेखाण आहे. चिरे काढता काढता ती इतकी खोल गेली की एका वर्षी तिच्यात पाणी भरलं आणि ते हटलंच नाही. मालक राजूशेट यांनी काही महिने त्या पाण्याकडे रागाने बघितलं आणि शेवटी तिथे रिसॉर्ट काढलं. नाव 'पहारा बीच रिसॉर्ट'. बीच नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की समुद्र दिसतो, आणि टाकीची शिडी पाहुण्यांना खुली आहे.

सगळं रिसॉर्ट एका पिक्चरवर बेतलेलं. 'विहिरीवरचा पहारा'. तुम्ही बघितला नसणार. कुणीच बघितला नाही. मुंबईत लागला तसा उतरला, मग तंबूतून फिरत फिरत कोकणात आला आणि इथेच कुठेतरी विरून गेला. एका इन्स्पेक्टरची गोष्ट. म्हणून आमच्या जेवणघराला गज आहेत आणि सोलकढी गजांमधून आत देतात. 'पंचनामा डिलक्स' खोलीत चादरीवर मृतदेहाची आकृती छापलेली आहे, खडूने आखल्यासारखी. डबल बेडवर दोन आकृत्या. नवीन लग्न झालेली जोडपी पहिल्या दिवशी तक्रार करतात, दुसऱ्या दिवसापासून आपापल्या आकृतीत नीट झोपतात.

हे सगळं केलं माझ्या महेंद्रकाकाने. काका तरुणपणीच मुंबईला गेला आणि शूटिंगच्या सेटवर पडदे रंगवायला लागला. त्याच्याकडे आकाश असायचं. खिडकी उघडली की मागे दिसतं ते. मालिकांमधल्या कित्येक सासवा काकाच्या आकाशासमोर उभ्या राहून वाईट वागल्या, पण खाली नाव कधी आलं नाही. राजूशेटनी बोलावलं तेव्हा काका मुंबईची खोली सोडून आला. खाणीत त्याने त्या पिक्चरमधले प्रसंग एकामागून एक उभे केले, माणसाएवढ्या पुतळ्यांचे, आणि राजूशेटनी दारावर पाटी लावली: 'निर्मिती, महेंद्र रामजी तांबे'. काका रोज सकाळी ती पाटी पुसायचा. पाटीवर धूळ नसायची. तरी पुसायचा.

येत्या शनिवारी खाणीतल्या नौकाविहाराचं उद्घाटन होतं. आणि सोमवारी नम्रता मॅडम आल्या.

ज्या कंपनीकडे त्या पिक्चरचे हक्क होते तिथे त्या कामाला होत्या. आमच्या गेटवर पिक्चरचं नाव ठळक लिहिलं होतं. कुणीतरी त्याचा फोटो टाकला, तो त्यांच्यापर्यंत गेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खाणीतलं सगळं एकदा बघणार. पिक्चरमधून उचललेलं असेल तर कंपनी बंद करायला लावणार, आणि उद्घाटन विसरायचं. स्वतःचं असेल तर खुशाल चालवा.

बंद झालं तर राजूशेट काय, पुन्हा आंबे विकतील. काकाला मात्र परत मुंबई, भाड्याची खोली आणि सासवांच्या मागचं आकाश. ते त्याने मला एकदाच सांगितलं होतं, तेही पाटी पुसताना, "आता परत आभाळ रंगवायला लागलो तर मी त्यातच जाईन रे."

मॅडम पोचायच्या आधी धक्क्यावर राजूशेट काकाची तयारी करून घेत होते.

"महेंद्र, मॅडमनी विचारलं पिक्चर बघितलास का, तर काय सांगशील?"

"बघितला."

"नाही बघितलास."

"बघितला ना राजूशेट. आता बघितलेला पिक्चर नाय बघितला कसा सांगू?"

"सगळं माझ्या डोक्यातून आलं म्हणायचं. एवढंच. जमेल?"

"माझ्या डोक्यात एवढं कुठून येनार? मी आपला आभाळवाला."

"महेंद्र!"

"बघू," काका म्हणाला.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. राजूशेटना ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "ऋत्विक, मी खोकलो की होडी पळवायची." काकाची खूण वेगळी होती, ती मला आधीपासून पाठ होती. फळीवर एकदा टकटक केलं की थांबायचं. दोन मालकांची एक मोटर, असा तो प्रकार होता.

मी काळे कपडे घातले, तोंडाला काळा रुमाल बांधला आणि पाण्यात उतरलो. खाण भर घालून उथळ केली आहे, पाणी कमरेपर्यंत येतं. वर पत्रे टाकून अंधार केलाय. होडी मागून ढकलायची, वाकून, डोकं फळीच्या खाली. पाहुण्यांना वाटतं आपोआप चाललीय. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं त्याचा इथे उपयोग झाला असं म्हणवत नाही, पण पाण्यात हातापायांची कातडी का सुरकुतते ते मला माहीत आहे.

नम्रता मॅडम आल्या. पायात साध्या चपला, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर काहीच नाही. गेटवर पिक्चरचं नाव झाकायला राजूशेटनी घाईत जुना फ्लेक्स ताणला होता, त्यावर 'विनीतशेट यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

"विनीत कोण?" मॅडमनी विचारलं.

"थीम आहे," राजूशेट म्हणाले.

तिघं होडीत बसले. पुढे मॅडम, मधे काका, मागे राजूशेट, आणि त्यांच्या मागे मी, जो अधिकृतपणे तिथे नव्हतो. मी ढकललं.

पहिला प्रसंग आला. लाल चिऱ्यांची विहीर, काठावर दोर, दोराला गाठ, आणि खाकी कपड्यातला मिशाळ इन्स्पेक्टर हातात बॅटरी घेऊन आत वाकलेला. बल्ब लागला. मॅडमनी दोरापासून बुटापर्यंत नजर फिरवली. पाणी होडीच्या बुडाला चपाक चपाक लागत होतं तेवढंच.

"हे आमचं," त्या म्हणाल्या.

"विहीर सगळीकडेच असते मॅडम," राजूशेट म्हणाले. "माझ्या घरी दोन आहेत."

"दोराची गाठ आमची आहे. इन्स्पेक्टरच्या एका बुटाची नाडी सुटलेली आहे, तीही आमचीच. मी हा पिक्चर तीनदा बघितलाय. दोनदा कामासाठी."

"आणि तिसऱ्यांदा?" काकाने विचारलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. त्या पिक्चरबद्दल बोलायला त्याला दुसरं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

"वाटलं, काहीतरी सुटलं असेल आपल्याकडून." मग त्या पुढे झुकल्या. "पण याने बॅटरी डाव्या हातात धरलीय. आमच्यात उजव्या."

"बघा!" राजूशेट जवळजवळ उभेच राहिले. होडी डुलली. "वेगळं आहे! अगदी वेगळा माणूस आहे. हा डावरा."

आता काकाने गप्प बसायचं होतं. नुसतं गप्प.

"डावरा नाय वो," काका म्हणाला. "आमच्या वाडीतली सगळी पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची. पुढून तिकीट, मागून फुकट. मागून सगळा उलटा दिसतो. आमच्यासाठी डावाच खरा."

राजूशेट खोकले. मी ढकललं, पण व्हायचं ते झालं होतं. बघितला नाही म्हणायची सोय काकाने पहिल्याच वळणावर पाण्यात सोडून दिली होती.

"म्हणजे तुम्ही बघितलाय," मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा चौथीत होतो."

"बरं." त्यांनी पुढे विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं.

दुसरा प्रसंग. पाण्याखालचं राज्य. हिरवे बल्ब, शंखांचे खांब, सिंहासनावर मुकुट घातलेला राजा, बिनमिशांचा, गळ्यात नाग. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मी श्वास धरून होतो. तसाही मला तो धरावाच लागतो.

"हे काय आहे?"

"हे..." राजूशेट सावध झाले. "तुमचं आहे का?"

"नाही. आमच्या पिक्चरमध्ये असलं काहीच नाही."

राजूशेटनी इतका मोठा सुस्कारा सोडला की माझ्या कपाळावर आला. पण काकाने फळीवर टकटक केलं.

"नाय कसा? विहिरीत उतरल्यावरच तर तो इथे येतो!"

"महेंद्र, मॅडम म्हणतायत ना नाही!" आणि राजूशेट खोकले.

एकाच वेळी टकटक आणि खोकला. दोन्ही पाळणं शक्य नव्हतं म्हणून मी होडी जागच्या जागी गोल फिरवली. मग खोकल्याच्या बाजूने गेलो.

तिसरा प्रसंग: कोठडी, इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतोय. "आमचं." चौथा: नागराणी रडतेय, अश्रूंचे मोती होऊन शिंपल्यात पडतायत. "हे नाही." प्रत्येक 'आमचं'ला राजूशेट आक्रसत होते आणि प्रत्येक 'नाही'ला काका. होडी एकदा मागून हलायची, एकदा मधून. मला कळत होतं की काकाला वाचवणारं जे एक वाक्य होतं तेच त्याला सहन होत नव्हतं.

चौथ्यानंतर तो फुटला. "मॅडम, तुमचा पिक्चर कापलाय. अर्धा पिक्चर कुणीतरी कापलान तुमचा."

"कापलेला नाही. मूळ निगेटिव्हवरून काढलाय."

"मग राणी कुठे गेली? आमची सगळी वाडी रडली होती राणीसाठी. आई पदर तोंडात घालून रडली होती!"

"काका, प्लीज," राजूशेट म्हणाले. ते काकापेक्षा वयाने मोठे आहेत.

मॅडमनी पिशवीतून टॅबलेट काढला. "बघायचाय?"

काकाने इतकं हळू टकटक केलं की राजूशेटना खोकायचं सुचलंच नाही. मी थांबलो. मांडीवर पडदा उजळला आणि त्या उजेडात मीही डोकं वर काढलं, कारण सगळं आयुष्य ज्या पिक्चरच्या गोष्टी ऐकत जेवलो तो मी कधी बघितला नव्हता.

मॅडम दचकल्या. "हा कोण?"

"मोटर," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

इन्स्पेक्टर उजव्या हातात बॅटरी घेऊन विहिरीपाशी आला. दोराला गाठ मारली. आत उतरला. पडदा क्षणभर काळा. आणि मग तो वर आला, ओला, काखेत लोखंडी पेटी.

"मधलं?" काकाने विचारलं.

"मधलं काही नाही."

"परत लावा."

परत उतरला. परत वर आला. काकाने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि या वेळी तो पडदा बघत नव्हता, इन्स्पेक्टरच्या ओल्या मिशीवर बोट ठेवून बसला होता.

"तुम्ही म्हणता ते राज्य दुसऱ्या कुठल्या तरी पिक्चरचं असणार," मॅडम म्हणाल्या. "पौराणिक. तंबूवाल्याकडे रिळांचे डबे बदलले असतील."

"डबे खाडीतून होडीने यायचे," काका सावकाश म्हणाला. "दोन तंबूंचे डबे एकाच होडीत."

"पण एवढ्या माणसांत कुणालाच कळलं नाही?"

"कळलं ना. सगळ्यांना कळलं. मिशी गेली नि मुकुट आला, ते काय दिसत नव्हतं? आई बोलली, वेश बदललान. इन्स्पेक्टर हाय, बदलनारच. मग मधेच परत मिशी आली. लोक बोलले, काम झाला असंल."

पत्र्यावर कावळा चालत होता त्याची नखं ऐकू येत होती.

मॅडमनी टॅबलेट बंद केला. अंधार आधीपेक्षा दाट झाला. "महेंद्रजी, मला ऑफिसला एक गोष्ट सांगायचीय. विहीर, कोठडी, इन्स्पेक्टर आमचे. हे राज्य आमचं नाही. मग ते तुमच्या डोक्यातलं आहे का?"

हेच ते वाक्य होतं. फक्त हो म्हणायचं होतं, आणि निदान अर्धी खाण वाचत होती. होडी मधोमध थोडी खाली दबली. राजूशेटनी काकाच्या पायावर पाय दिला होता, सगळ्या वजनासकट.

"नाय," काका म्हणाला.

"महेंद्र..."

"नाय राजूशेट. तेपन बघितलेलाच हाय. कुनाचा हाय म्हायत नाय, पन माझा नाय. हितला काय एक माझा नाय." मग अगदी हळू, "ऋत्विक, भायर घे. पाटी काढून टाकू."

मला बाहेर जायची खूण झाली होती. टकटक नव्हे, खोकला नव्हे, साधं बोलणं. आणि मी होडी उलट्या बाजूला ढकलली.

खाणीत एक वळण आहे जिथे आम्ही पाहुण्यांना नेणार नव्हतो. काकाने तिथलं बटण बंद ठेवलं होतं आणि मलाही सांगून ठेवलं होतं की तिकडे काम अर्धवट आहे. अर्धवट नव्हतं. पाणी उपसताना मी ते बघितलं होतं.

"तिकडे नको," काका म्हणाला. "ऋत्विक! मेल्या, तिकडे नको सांगतोय ना!"

मी ऐकलं नाही. चिऱ्यावर हात घासत बटण शोधलं आणि दाबलं.

चिऱ्यांच्या खोबणीत केशकर्तनालय होतं. पाण्याखालचं. कालवांच्या शिंपल्यांची खुर्ची, समोर शिंपल्याचाच आरसा, आणि पाठीमागे माणसाएवढी चिंबोरी, समुद्रातली खेकडी, खांद्यावर टॉवेल. तिच्या एका नांगीत वस्तरा होता, दुसऱ्या नांगीने तिने खुर्चीतल्या इन्स्पेक्टरचं नाक वर धरलं होतं. अर्धी मिशी उतरलेली, अर्धी शिल्लक. इन्स्पेक्टरच्या डोळ्यांत जी भीती होती ती न्हाव्याकडे नव्याने गेलेल्या माणसाचीच. मुकुट खुंटीला टांगलेला. बाकावर एक सुरमई पेपर वाचत बसलेली.

काकाने तोंड दोन्ही हातांत घेतलं. "हे नव्हता त्यात," तो बोटांमधून म्हणाला. "हे मी घुसडलं. ती मिशी गेली कुठे ते मला कधी कळलाच नाय. वाटलं, मी लघवीला गेलो असेन तेव्हाच झाला असंल. एवढी वर्षं डोक्यात. मग अंदाजाने केलं. खोटा हाय म्हणून बटन बंद ठेवला. मॅडम, बाकी सगळं मी जसंच्या तसं केलंय हो. एवढीच लबाडी केली."

मॅडम बाकाकडे बघत होत्या. राजूशेटना कुठल्या बाजूने घाबरायचं ते ठरत नव्हतं. मी रुमाल तोंडावरून खाली ओढला आणि थांबलो.

"ही सुरमई?" शेवटी मॅडमनी विचारलं.

"नंबर लावून बसलीय."

"तिला मिशी नाही."

काकाने हात खाली घेतले आणि सुरमईकडे बघितलं. हे त्याने ठरवलेलं होतं. "सोबत आलीय ती. नवऱ्याच्या. तो आत केस धुतोय."

मॅडम वळून भिंतीकडे बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते आणि होडीही. मला आधी वाटलं त्यांना बोट लागली. बऱ्याच वेळाने त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि परत तो काहीच नसलेला चेहरा लावला.

"विहीर आणि कोठडी शनिवारच्या आधी निघाल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "गेटवरचं नाव पण. विनीतशेटच्या खालचं. इन्स्पेक्टर कुठेच नको, या खुर्चीतसुद्धा. चेहरा आमचा आहे. राज्याबद्दल मी काही बोलणार नाही, ते माझं काम नाही. आणि ही चिंबोरी... हिच्याबद्दल मी ऑफिसला सांगेन की ही महेंद्र तांबे यांची आहे."

"राज्यपन काढू," काका म्हणाला.

"महेंद्र!" राजूशेट ओरडले. "मॅडम स्वतः म्हणतायत राहू दे! मग उरलं काय? एक चिंबोरी! लोक काय बघणार? आत शिरले की बाहेर!"

"माझा नाय ते काढायचा."

"अरे पण शनिवार..."

पण काका होडीतून पाण्यात उतरला होता, कपड्यांसकट. खुर्चीपाशी गेला, इन्स्पेक्टरच्या काखेत हात घातले आणि त्याला उचललं. मी दुसऱ्या बाजूने पाय धरले. आम्ही त्याला होडीत मॅडमच्या शेजारी ठेवलं. त्यांनी त्याला जागा करून दिली. अर्ध्या मिशीनिशी तो त्यांच्याबरोबर मुंबईला गेला, मागच्या सीटवर, पट्टा लावून. पुरावा म्हणून, त्या म्हणाल्या.

त्यांना धक्क्यावर सोडून मी होडी परत आणली, तर राजूशेट खोबणीच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसले होते आणि काका रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. चिंबोरी हवेतच नाक धरून होती.

"गिऱ्हाईक पाहिजे," काका म्हणाला.

"कुणाचं बघितलेलं आठव एखादं," राजूशेट थकून म्हणाले.

"नाय. आता बघितलेला नको." काकाने खुर्चीला एक फेरी मारली. मग तो थांबला आणि राजूशेटकडे बघत राहिला. राजूशेटना मिशी आहे, मोठी, दोन्ही बाजूंना वळवलेली, आंब्याच्या पेटीवर छापलेली असते तीच. "राजूशेट, इथे बसा बघू जरा."

"मी?"

"चिंबोरीला कामावर घेतलाय नि गिऱ्हाईक नाय. बरं दिसतं का?"

राजूशेटनी माझ्याकडे बघितलं. मी मोटर असल्यामुळे माझं मत नव्हतं. ते उठले, पाण्यातून चालत गेले आणि शिंपल्यांच्या खुर्चीत बसले. काकाने त्यांची हनुवटी धरून वर केली आणि नाक बरोबर नांगीत बसवलं. मग दोन पावलं मागे सरून डोळे बारीक केले. खिशातून पेन्सिल काढली, ती ओली झाली होती, तरी काढली.

"हलू नका."

"किती वेळ?" राजूशेटनी विचारलं. नाक धरलेलं असल्यामुळे ते फार लांबून बोलल्यासारखं वाटलं.

"शनिवारपर्यंत," काका म्हणाला.